पन्नास सायकल

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
शटर अर्धं खाली ओढून
मी वाइंडिंगच्या टेबलावर पाय टाकून बसतो,
कानाला सातशे रुपयांचे हेडफोन,
त्यांच्या डाव्या वायरला मीच दोनदा डाग दिलेला.

आज सापडला तो अल्बम असा:
मुखपृष्ठावर राखाडी चौकोन.
कलाकाराच्या नावाच्या जागी चार आकडे.
किंमत, द्याल ती.
घेणारे आजवर सहाजण.
एकच तुकडा, एकेचाळीस मिनिटांचा,
आणि गावाचं नाव असं
की जीभ वळतच नाही.

इथवर कसा आलो ते नीट सांगता येणार नाही.
नॉर्वेच्या एका मुलीनं रात्रभर फ्रिज रेकॉर्ड केला होता,
तिच्यावरून एका माणसाकडं,
जो कॅसेटी मातीत पुरतो, सहा महिन्यांनी उकरतो, मग वाजवतो,
त्याच्याकडून पुढं, गल्लीतून बोळात,
बोळातून कुणाच्या तरी परसात,
जसं गंगावेशीत पत्ता विचारत जावं
आणि ज्यानं त्यानं म्हणावं, जरा पुढं विचारा.

पहिली दहा मिनिटं काहीच नाही.
म्हणजे घरघर.
अकराव्याला तिच्या तळातून
एक सूर वर येतो,
मी पाय खाली घेतो.
हा आपला नाही.
आपला पन्नासचा. हा जरा चढा,
साठ सायकलचा.
त्या माणसाच्या भिंतीतली वीजच वेगळ्या घराण्याची.
तिकडची मोटार इकडं मंद फिरते, तापते.
गेल्या साली एक आली होती कागलहून,
कुणाच्या तरी जावयानं जहाजातून धाडलेली.
भरायला घेतली तेव्हा
तिच्या तारांना न ओळखीचा वास होता.

बाबालाल मिस्त्री विसरलेला डबा न्यायला आले.
हेडफोनची एक वाटी त्यांच्या कानाला लावली, एक माझ्या.
हा माणूस स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवतो,
मूठ कानाला,
आणि सांगतो किती दिवस उरलेत.
चाळीस वर्षं
आवाज बंद करायचे पैसे घेत आलाय.
डोळे मिटून ऐकलं. म्हणाले,
"बेअरिंग गेलंय ह्येचं."

मग उठले नाहीत.
डबा मांडीवर, स्टुलावर तसेच.
एकविसाव्या मिनिटाला:
"गेलंय त्ये ह्याला ठावं हाय.
पर बदलंना झालाय. ऐकत बसलाय नुसता."

आमच्यात नाद एकच शब्द,
कानावर पडतो त्यालाही, माणसाला लागतो त्यालाही.
मला कुठला, ते घरचे विचारत नाहीत आता.
मोबाइलवर दीडशे रुपये भरले.
सातवा मी.

चौतिसाव्याला लाइट गेली.
पंखा हळूहळू थांबला,
कोपऱ्यातला वार्निशचा ओव्हन टिकटिकत गार होऊ लागला,
आणि भिंतीतला आपला पन्नास,
जो आहे हे कधी कळलंच नव्हतं,
गप्प झाला.
अख्ख्या दुकानात
परक्या गावची वीज तेवढी चालू.

बाबालाल उठले,
वाटी कानाला धरूनच, वायर पुरेल तेवढं जात,
सवयीनं मेन स्विच पाडला,
आणि परत येऊन बसले.