चार मात्रांची जागा

प्रभात रोडच्या कुठल्याशा गल्लीत, सबनीसांच्या ऑफिसात
मला खुर्ची दिली, बिनसाखरेचा चहा दिला
आणि विचारलं, "काका, लोक नक्की कुठे हसायचे?"
मी पिशवीतून वही काढली.

सातशे बारा प्रयोग मी विंगेत बसलो,
एक पाय आखूड असलेल्या स्टुलावर,
खोकला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाशी रुमाल धरून.
'भाड्याचा व्याही' लोकांनी समोरून पाहिलं,
मी बाजूने: नाकं, आंबाडे, कानामागून उतरणारा घाम
आणि खासनीसांची डावी चप्पल,
जी दुसऱ्या अंकात हटकून तुटायची.

वहीत वाक्यांशेजारी पेन्सिलीच्या उभ्या रेघा.
एक म्हणजे हशा. दोन म्हणजे टाळी.
तीन म्हणजे शकुताईंना पुढचं वाक्य पुन्हा घ्यावं लागलं.
भरतला दुपारी चार वाजता: जेमतेम एक. माणसं जेवून आलेली.
टिळक स्मारकला हशा जरा उशिरा येतो,
विनोद व्याकरणात बसतो का, ते आधी पाहून घेतात.
चिंचवडला पडदा वर जाताच सुरू.
तिथे मी वही मिटून बसायचो, माझं ऐकणार कोण?

सबनीस म्हणाले, जिथे तीन रेघा, तिथे गाणं.
पाच गाणी. त्यातलं एक स्वयंपाकघरात,
चाळीस जणी, चाळीस झारे.
मी म्हटलं, अहो, बिऱ्हाड दोन खोल्यांचं आहे.
ते म्हणाले, काका, सिनेमा आहे.
हे उत्तर त्या महिन्यात मी एकवीस वेळा ऐकलं.
त्याच्याही रेघा आहेत.

फुरसुंगीच्या गोदामात त्यांनी त्या खोल्या बांधल्या.
भिंत ठोकली तर भिंतीसारखी वाजायची.
दार उघडलं की खरा जिना.
आमच्या दाराबाहेर पोती असायची
आणि डबा खाणारा लाइटवाला;
त्याला ओलांडून व्याही नागपूरहून यायचे.

एकच जागा मी अडवून धरली.
दुसरा अंक. आत भाड्याचा व्याही, बाहेर खरा. दारावर थाप.
खासनीस विचारायचे, "आता मी कोण?"
आणि थांबायचे.
नवखा होतो तेव्हा मी तिथे एकदा वाक्य सांगितलं.
विंगेत आल्यावर ते ओरडले नाहीत.
चप्पल हातात घेऊन म्हणाले,
"मला आठवत होतं रे.
आठवत नसल्यासारखं उभं राहणं माझं काम,
गप्प बसणं तुझं."

ऋता घैसास, संगीत तिचं, वय तिशीच्या आत,
एरंडवण्याच्या स्टुडिओत हेडफोन उतरवून म्हणाली,
"किती वेळ थांबायचे?"
घड्याळ कुणी लावलं होतं?
मी श्वास घेतला, धरला, सोडला.
तिची बोटं टेबलावर वाजत होती. "चार मात्रा. पुन्हा दाखवा."
पुन्हा दाखवलं. "आता सव्वाचार आल्या."
म्हटलं, त्या रविवारच्या.
ती हसली नाही. तिने लिहून घेतलं.
मग गाण्याच्या ऐन मध्यात
ढोलकी, व्हायोलिनं, चाळीस झारे, सगळं थांबवलं
आणि तेवढी जागा मोकळी सोडली.

पहिल्या दिवशी सकाळचा खेळ. मी कडेची खुर्ची मागून घेतली, सवय.
नवा मुलगा गात गात दाराशी आला,
"आता मी कोण?"
शांतता.
एक. दोन.
तिसऱ्या मात्रेला हशा फुटला आणि वाढत गेला.
खासनीस असते तर उभे राहिले असते, चप्पल चाचपत, तो ओसरेपर्यंत.
पडद्यावरचा मुलगा थांबला नाही.
त्याला ऐकूच आलं नाही.
पाचव्या मात्रेला ढोलकी पडली, तो बोलला,
आणि ते वाक्य हशाखाली गेलं.

पुढच्या रांगेतली बाई मान वळवून म्हणाली,
"काय म्हणाला हो तो?"
मी रुमाल तोंडाशी धरला
आणि तिला वाक्य दिलं.