दोन तोंडांचं भांडं

घुमटाला दोन तोंडं असतात.
एकावर कातडं ताणतात,
दुसरं उघडं ठेवतात, श्वासासाठी.
हे मला सासूने शिकवलं, चाकापाशी नव्हे,
भट्टीतून फुटकी भांडी वेचताना.

पोंसियानो आला तेव्हा मी राख चाळत होते.
म्हणाला, एक घुमट हवं, माळारच्या कोपेलासाठी.
म्हटलं, फेस्ताला?
म्हणाला, नाही. मिस्सेत. आत.
"आत" हा शब्द त्याने असा उच्चारला
जसा नवा जावई उंबऱ्याशी चप्पल काढतो.

चवथीच्या आरत्यांना दरसाल वीसेक भांडी जातात माझी,
त्यांना कुणी आत-बाहेर विचारत नाही.
घोरपडीचं कातडं बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात.
जुने वाजवणारे कुरकुरतात,
आवाजात तूप राहिलं नाही म्हणतात.

मढवून आलेलं भांडं नार्वेच्या फेरीबोटीत
मी मांडीवर घेऊन बसले.
शेजारच्या पोराने उघड्या तोंडात तोंड घातलं
आणि आपल्याच नावाने हाक मारली.

माळारला वाद आधीच तापला होता.
फादर एलेउतेरियो वाईट माणूस नव्हे;
मला खुर्ची दिली, पाणी दिलं,
मग म्हणाले, बाई, हाताने ताल धरला
की माणूस तालच ऐकतो. शब्द खाली बसतात.
मला तर पेटीसुद्धा जास्त वाटते.
गळा पुरे.

मेस्त आनास्तासियो काही बोलला नाही.
साठ वर्षं व्हायोलिन दाबून दाबून
हनुवटीखाली घट्टा पडलाय त्याला.
तो फक्त त्यावरून बोट फिरवत राहिला.

एस्कोलास्तिका मागून म्हणाली,
ह्याच व्हायोलिनवर माझ्या लग्नात अख्खा वाडा नाचला,
आणि दुसऱ्या सकाळी तेच वेदीपाशी वाजलं.
रात्रीत धुतलं होतं का कुणी?

फादर हसले. पण ठरलं ते ठरलं:
घुमट बाहेर, मिस्सा सुटल्यावर, मांडवात.

रविवारी मी गेले. उरलेले पैसे घ्यायचे होते.
बाहेर ऊन असं की कातडं तडकलं असतं,
म्हणून पोंसियानोने घुमट
शेवटच्या बाकावर ठेवलं, माझ्या शेजारी,
आजारी पोर ठेवावं तसं.

मला त्यांची प्रार्थना येत नाही.
सगळे उठले की उठत होते, बसले की बसत होते.
मग कोपऱ्यातल्या रबेकांवने,
त्या माणसाएवढ्या व्हायोलिनने,
सर्वात जाड तारेवर गज ओढला,

आणि बाकावरचं भांडं गुणगुणलं.

कुणी हात लावला नव्हता.
माझा तळवा लाकडावर होता, तिथे कळलं आधी,
कानाला नंतर.
पुढच्या बाकावरची दोन डोकी वळली.
फादरांनी पाहिलं की नाही, सांगता येत नाही;
त्यांचे हात वर होते, डोळे मिटलेले.

मी कुंभारीण. मला एवढंच वाटलं:
तडा नाही. तडा गेलेलं भांडं
असं उत्तर देत नाही कुणाला.

गज थांबला, तेही थांबलं.
मी हळूच त्याच्या उघड्या तोंडावर हात ठेवला.
मग काढला.

बाहेर पोंसियानोने विचारलं, ऐकलंस?
म्हटलं, ऐकलं. आणि तुझ्याकडे साडेतीनशे राहिलेत.
माती फुकट येत नाही, बाबा.
त्याने मोजून दिले.
मांडवात तोवर कुणीतरी त्यावर
पहिली थाप मारली होती.