पायरी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
कसबा बावड्यात रुजू झाले त्या दिवशी
मी त्या मोजल्या. सोळा. नववी फुटकी.
माझी पहिली टिपणी तिच्याविषयीच :
‘पायरी क्र. ९, तातडीने दुरुस्ती व्हावी.’

एम.बी.ए. झालेली, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर.
नाझरसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं,
“मॅनेजर म्हंजे नेमकं करायचं काय वो तुमी?”
सांगता आलं नाही.
टेबल मिळालं मुद्देमालाच्या खोलीलगत,
चिठ्ठी बांधलेला कोयता
आणि सत्त्याण्णव सालापासून
मालकाची वाट बघणारी एक लुना शेजारी.

रेकॉर्डचे नदाफमामा डोळे मिटून सांगायचे,
“सामाईक भिंत, उत्तरेश्वर पेठ, एक्क्याऐंशी?
तिसरी मांडणी, खालचा कप्पा. कडा वाळवीनं खाल्लीया.”
दोन वर्षं मी मामांचं डोकं संगणकात उतरवत होते.
साल, पक्षकार, मांडणी, कप्पा, सगळं बसलं.
वाळवीसाठी रकाना नव्हता.

मग बोर्डाला वेळा लावल्या.
साडेदहाला सगळं गाव बोलवून
पाचला ‘पुढची तारीख’ कशाला?
वकीलसाहेब हसले, “घड्याळावर न्याय व्हतोय व्हय?”
साळवणच्या हिराबाई खोत मात्र
अडीचच्या अपिलाला नऊलाच आल्या,
पिशवीत भाकरी, वर वकालतनाम्याची घडी.
“येळ तुजी खरी गं पोरी,
पर यष्टी एकच हाय.”

त्या दिवसापासून माझ्या भिंतीवर
उच्च न्यायालयाच्या परिपत्रकाशेजारी
एस.टी.चं वेळापत्रक आहे.
अहवालात ते कुठल्या मथळ्याखाली घालायचं,
अजून कळलेलं नाही.

आता म्हणतात, तारखा यंत्रच देईल,
कुठला दावा किती चालेल तेही आधीच सांगेल.
सांगू दे. मी विचारणार आहे त्याला,
साक्षीदाराला उन्हात चक्कर आली तर?
बेलिफानं समन्स शेजारणीकडे ठेवलं तर?
त्यानं विचारलं मला, ‘आपलं पद कायम का?’
तर मी काय सांगू?
मुदतवाढीचा कागद टपालात आहे. आठवा महिना.

पायरी दुरुस्त झाली, गेल्या मार्चात. चकचकीत कोटा फरशी.
लोक अजून आठवीवरून दहावीवर पाय टाकतात,
हिराबाईसुद्धा, गुडघा धरून.
परवा घाईत होते,
मीही तशीच चढले.