डावीकडची काच

उद्यमनगरात, लेथच्या दोन दुकानांमधल्या बोळात
दस्तगीर शिकलगार दाराचं पॅड सोडवतो.
पाच क्लिपा निघतात. सहावी मोडते.
"ही आधीच मेली हुती," तो म्हणतो,
आणि तुकडा माझ्या तळहातावर ठेवतो,
दाढ काढून दाखवावी तसा.

तीन महिन्यांत फिल्मवर उभी रेघ पडली.
एक, मग तिला चिकटून दुसरी,
मग ओल्या केसांतून फणी फिरवावी तशा सगळ्या.
फक्त डावीकडे. फक्त आईच्या बाजूला.
मोतीबिंदूनंतर तिला ऊन सोसेना
म्हणून लावली होती फिल्म,
पोलिसाला चालेल एवढीच सावली.
मी आईलाच बोलले. बांगड्या लागत असतील म्हणाले.
तिनं काढल्या, पर्समध्ये टाकल्या
आणि रंकाळा येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

आता दार सोललेलं उभं आहे.
आत वायरी, काळं पडलेलं ग्रीस,
किणी टोलनाक्याची पिवळी पावती,
माझ्याआधी गाडी होती त्या इचलकरंजीच्या सूतवाल्याची.
काच जिथून खाली उतरते तिथली फेल्ट
दस्तगीर बोटानं उलटी करतो.
मखमल कधीच झिजून गेली. नुसती पाठ उरलीय
आणि पाठीत रुतलेले दाणे.

ते दाणे मी ओळखते.
शिरोलीला, फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये
अकरा वर्षं चाळण्यांवर हेच तर बघतेय.
पन्नास-साठ नंबरची. सिलिका.
वरून उकळतं लोखंड ओतलं तरी जागची न वितळणारी.
शिफ्ट सुटली की डब्याची पिशवी
डावीकडच्या अर्ध्या काचेतून आत टाकायची,
तिथंच उभं राहून ओढणी झटकायची,
मग वळसा घालून स्टिअरिंगला बसायचं.
रोज. हिशेब घालत नाही.

दस्तगीर दोन बोटांत दाणे चोळतो.
"नदीची न्हवं ही."
"न्हवं," मी म्हणते. बाकीचं गिळते.

मग तो ब्लोअर लावतो, ब्रश फिरवतो,
खालची पाणी जायची भोकं सुईनं मोकळी करतो.
नवी फेल्ट, नवी क्लिप. एक स्क्रू अर्धा आटा बाहेर होता, तो आत.
काचेच्या कडेवरून पॉलिश पेपर
इतक्या हलक्या हातानं की आवाज येत नाही.
"आजा माझा विळ्या-कोयत्यांना धार लावायचा," म्हणतो,
"धार म्हंजे तरी काय, रेघाच. बारीक, एका अंगाला.
आन् मी बगा, रेघ पडू नये म्हणून बसलोय."
हसतो. वाफेवर जुनी फिल्म सोलतो,
ती त्याच्या मनगटाला गुंडाळत जाते.

नवी बसवून, साबणाचं पाणी निपटून
बटणावर चिकटपट्टी मारतो.
"चार दिवस काच खाली घ्यायची न्हाई.
आतलं पाणी अजून हाय. तिला वाळू द्या."

दिलीच होती की, मी मनात म्हणते,
अकरा वर्षं.

तिसऱ्या दिवशी पापाच्या तिकटीला गर्दी.
आई बाजूला बसलीय, मनगटात बांगड्या परत आलेल्या,
मी घाल म्हणाले नव्हते, सॉरीही म्हणाले नव्हते.
चप्पलच्या दुकानापाशी अनुसया मगदूम दिसते,
तिची शाळेतली, पाच-सहा वर्षांत न भेटलेली.
आईचा हात बटणाकडे जातो,
चिकटपट्टीवर थांबतो.
माझ्याकडे बघते.

आणि सरळ अख्खं दार उघडते.
मागचा रिक्षावाला ब्रेक दाबून शिव्या घालतो,
त्याच्या मागचा हॉर्न,
त्याच्याही मागचा.
"काच नको म्हणालाय ना तो," आई एक पाय बाहेर टाकून म्हणते,
"दाराचं काय बोलला न्हाई.
अगं ए अनू!"