लहवितचा टोल

लहवितच्या फलाटावर रुळाचा हातभर तुकडा टांगलाय.
टोल द्यायचे पूर्वी त्याच्यावर. आता चिमण्या बसतात.
वाकून पाहिलं तर पोटावर अक्षरं : जी. आय. पी.
साल गंजानं खाल्लेलं,
अठराशेच्या पुढचं वाचता येत नाही.
म्हणजे आधी कंपनीचीच होती की ही!
"होतीच," पुंजातात्या म्हणाले.
तेहतीस वर्षं की-मन,
लहवित ते अस्वली रोज पायी,
खांद्यावर हातोडा, कमरेला झेंड्या.
"कंपनी गेली. चाव्या ठोकायचं काही गेलं नाही."

हौशीराम मात्र पेटलेला.
खेरवाडीला त्याचा कांदा चार दिवस रॅकची वाट बघत बसला,
पाचव्या दिवशी गोण्यांतून पाणी.
बाबू म्हणे, वरून ऑर्डर नाही.
वरून म्हणजे कुठून?
बाबूनं पत्र्याकडं बघितलं.
"मालक पाहिजे, तात्या, मालक!
नुकसान झालं की त्याच्या खिशाला चटका बसतो.
सरकारला खिसा असतो का?"

तात्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला.
"असतो की. तुझाच आहे तो, येड्या.
म्हणून तर चटका तुला बसला."

खरं सांगू, मला हौशीरामचंच पटत होतं.
नाशिकरोडच्या बाकावर तीन-तीन तास काढलेली बाई मी.
संडासाला कडी नसते,
आणि तक्रारवहीला मात्र साखळी असते.

पण तेवढ्यात सकाळची पॅसेंजर आली.
उतरले सात, चढले अकरा :
देवळालीच्या शाळेची पोरं,
पास छातीशी धरलेला एक आंधळा,
मेथीची पाटी घेऊन जानकाबाई.
अकरा माणसांसाठी कुठला मालक ब्रेक दाबील?
थांबायला पैसे पडतात,
थांबून परत सुटायला त्याहून जास्त.

"एसटी आहे की," हौशीराम पुटपुटला.
"पाटी घेत नाही रे कंडक्टर," दारातून जानकाबाई.
गाडीला घाई नव्हतीच,
त्यामुळे तिला एवढं बोलून होता आलं.

मग गाडी हलली.
शेवटचा डबा सांध्यावरून गेला
तसे तात्या बशी हातात धरून थांबले,
मान जराशी तिरकी.
"तिसऱ्या खांबापाशी चावी ढिली आहे," म्हणाले,
आणि चपला शोधायला लागले.

चावी कुणाची, ते म्हणाले नाहीत.