गोगलगाय

दर तिसऱ्या आठवड्याला तेच.
किल्ली फिरवली की आतून फक्त टक्क,
दारावर आलेल्या विक्रेत्याला
कुणी जीभ टाळूला लावून परत पाठवावं, तसं.

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. सीटा काढून
आम्ही तिच्यात पलंग बसवला, ओटा केला, पडदे लावले.
पाठीवर घर, म्हणून नाव गोगलगाय.
बावड्यात, गुऱ्हाळामागच्या रिकाम्या प्लॉटवर
एप्रिलपासून उभी आहे.
कुठे जात नाही, कुठून येत नाही,
तरी दमते.

बॅटरी बदला, तिघांनी सांगितलं.
बदलली.
नवीही तशीच मेली.

मग उद्यमनगरातून दस्तगीर मुजावर आला,
स्कूटरच्या डिकीत मीटर, कानावर टेस्टर.
मायनसची तार सोडवून मीटर मधे घातला.
पावणेदोन अँपिअर.
मी म्हटलं, बापरे!
"दार उघडं हाय न्हवं, दिवा लागलाय.
लावा ते. आता वीस मिनटं हात लावायचा न्हाई.
आधी झोपू द्या तिला.
झोपेत कोन खातंय, ते बगायचं."

उलट्या क्रेटवर बसलो दोघं.
काहिलीचा गोड धूर नाकात बसत होता.
साहेब कुठं असतात, त्यानं विचारलं.
मस्कतला, म्हटलं, आठ महिने झाले.
बाकीचं नाही सांगितलं:
की घोरताना मधेच त्यांचा श्वास थांबायचा
आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत
मी अंधारात मोजत पडायचे,
एकवीस, बावीस,
कधी सत्तावीस.

वीस मिनिटांनी मीटर म्हणाला
शून्य पूर्णांक तेरा.
दस्तगीरनं दाराच्या खटक्यात काडी खुपसली,
दार उघडं असून गाडीला ते बंदच वाटावं म्हणून,
आणि एकेक फ्यूज उपटून वर्तमानपत्रावर मांडला.
लाल. निळा. पिवळा. पुन्हा लाल.
टेपचा काढला तेव्हा दोन उतरले, बस्स.
सगळे दात काढून झाले
तरी अकरा राहिलेच.

"म्हंजी चोर दारातनं आलाच न्हाई," तो म्हणाला
आणि बॅटरीपाशी पालथा पडला.
तिथून एक तार निघाली होती, काळ्या टेपात गुंडाळलेली,
फ्यूजबॉक्सला वळसा घालून, गालिच्याखालून,
ओट्याच्या मागे.
तिच्या टोकाला
एक हिरवा ठिपका.
गॅस गळला तर ओरडणारं यंत्र.

सिलिंडर मी एप्रिलातच घरी नेला होता.
"टाकी न्हाई, शेगडी न्हाई, मानूस न्हाई,"
दस्तगीर हसत सुटला,
"आनि ह्यो रातंदिस वास घेतोय!
कुंपनानंच शेत खाल्लं की, वैनी.
थेट बॅटरीवर कुनी जोडलं हे?"

मीच सांगितलं होतं जोडायला.
राखणदाराला बटण नको म्हणाले होते,
चुकून कुणी बंद केलं तर?

त्यानं बटण बसवलं. अडीचशे घेतले.
मीटर शून्यावर येईना, म्हणून मी बघतच राहिले.
"दोन राहनारच. घड्याळाला लागतंय तेवढं.
पार शून्य झाली तर वेळ इसरंल ती."

रात्री अडीचला जाग आली.
मस्कतमध्ये एक वाजला असेल.
पलंगाच्या त्या बाजूला कान गेला,
सवयीनं आकडे सुरू झाले,
नवाला थांबवले.

टॉर्च घेतली, चपला घातल्या, प्लॉटवर गेले.
बटण बंदच होतं, ठिपकाही विझलेला.
पण दार माझ्या मागे उघडं राहिलं होतं
आणि छतावरचा पिवळा दिवा
ओट्यावर, पडद्यांवर,
आंबोलीला चहा सांडला होता त्या डागावर
पडला होता.

पावणेदोन अँपिअर.
खाऊ दे, म्हटलं,
आणि पलंगाच्या कडेला
जरा बसले.