डाव्या पायाचा बूट

पेकोस नदीच्या पुलाअलीकडे आमचा पंप.
आजोबा सांगत, इथे पहिली मोटार आली
ती आमच्या खेचरांनी चिखलातून ओढून आणली.
न्यूयॉर्क सोडून अठरा दिवस झाले होते त्या दोघांना.
जेवले. मिरची डोक्यात गेली तरी पुन्हा वाढून घेतलं.
जाताना खेचरांची नावं विचारून वहीत लिहिली.

मग पंचाहत्तर साल. नोव्हेंबर. रात्रीचे सव्वातीन.
सरकारने सगळा देश
पंचावन्नच्या दाव्याला बांधला होता,
आणि ही गाडी दावं तोडून आलेली.
मागच्या सीटच्या जागी टाकी,
टाकीवर उशी, उशीवर आडवा तिसरा गडी,
गळ्यात दुर्बीण तशीच.
परवानगी नाही, बक्षीस नाही.
गिरणीतल्यासारखं कार्ड पंच करायचं, सुटायचं,
पलीकडचा समुद्र आला की परत पंच.
चालवणारा हे सांगत होता ते मला नव्हे,
पंपावरच्या फिरत्या आकड्यांना.
चार मिनिटं. पैसे जास्तच दिले.
गेल्यावर पाहते तर पंपापाशी बूट,
डाव्या पायाचा,
आतून अजून गरम.

ठेवला. का, ते विचारू नका.
सुटी नाणी त्यात टाकत गेले.

साथीच्या वर्षी रस्ता नदीपेक्षा ओस होता.
एका रात्री काहीतरी गेलं.
कुत्र्याने मान वर केली,
तोवर तिथे नुसता अंधार.
मुलगा म्हणाला, "आई, हे आता थांबतसुद्धा नाहीत."

गेल्या मार्चमध्ये एक म्हातारा आला.
लायल हॅस्किन. गाडी नात चालवत होती,
ट्रकवाले हॉर्न मारतील इतकी सावकाश.
फळीवरचा बूट पाहून हसला,
मग बराच वेळ हसला नाही.
"इथे नदी आहे?"
"तेव्हाही होती."
"आम्ही छत्तीस तासांत अख्खा देश ओलांडला," म्हणाला,
"मला त्यातले आठवतात ते फक्त काटे."

पाय घालून पाहिला. सुजलेला, शिरेना.
मग अनवाणीच उतरला नदीकडे,
काठावरच्या दगडांना शिव्या देत.
नात घड्याळ बघत राहिली.

नाणी मोजली: एकेचाळीस डॉलर, वर थोडे सेंट.
बूट त्याला दिला.
नाणी माझी.